नातीने आणलेली दगडी चाकं

दगडधोंडे : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

प्रश्न : मॅडम, सा. न. माझी मुलगी जर्मनीत श्टुटगार्टजवळ असते. मे महिन्यात सगळे आले तेव्हा नातीने एका डबीत अकरा दगडी चाकं आणली. क्राइल्सहाइम गावाबाहेर नांगरलेल्या शेताच्या कडेला वेचली म्हणते. प्रत्येकाच्या मधोमध बारीक भोक आणि भोवती रेघा आहेत. फोटो जोडलाय. जावई सांगतात की ही ‘सागरलिली’ची देठं, नाव एन्क्रिनस लिलिइफॉर्मिस. लिली म्हणजे वनस्पतीच ना? मग भोकं कोणी पाडली? सौ. म्हणतात चिंच लावून घासली तर लख्ख होतील. घासू का? आणि डबीवर चिठ्ठी चिकटवायची आहे, तिच्यावर नेमकं काय लिहू? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : गुरुजी, आधी ती चिंच फडताळात परत ठेवायला सांगा. तांब्याच्या घागरीला चिंच ठीक आहे. तुमची चाकं कॅल्साइटची आहेत, म्हणजे चुन्याच्याच जातीची. आंबट लागलं की ती फसफसतात, आणि सगळ्यात आधी झिजतात त्या नेमक्या रेघाच. जुना टूथब्रश आणि साधं पाणी एवढंच वापरा. माती निघत नसेल तर रात्रभर भिजत ठेवा.

आता लिली. ही वनस्पती नव्हे, प्राणी आहे. हसू नका, पण मी पदवीला असताना आमच्या प्रयोगशाळेतल्या एका ट्रेवर ‘वनस्पती जीवाश्म’ अशी पाटी होती आणि आत हेच देठाचे तुकडे. मी जर्नलमध्ये तसंच उतरवलं, आणि तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, “बाई, या झाडाची पानं कुठायत?” त्या दिवसापासून मी ट्रेवरच्या पाटीपेक्षा ट्रेमधला दगड आधी बघते.

सागरलिलीला आम्ही क्रिनॉइड म्हणतो. क्रिनॉइड हे कंटकचर्मी प्राणी, म्हणजे तारामासा आणि सी-अर्चिन यांचं भावकीतलं घराणं. मालवणच्या किनाऱ्यावर तारामासा पाहिला असेल, तर तो उताणा करा, तोंड आकाशाकडे. त्याच्या पाठीला खालून एक लांब देठ लावा, हात वर करून पिसांसारखे झालरदार करा. झाली सागरलिली. तोंड वर, आणि गुदद्वारही वरच, तोंडाच्या शेजारी. स्वयंपाकघर आणि मोरी एकाच ओट्यावर. देठावर बसलेल्या प्राण्याला दुसरी सोयही नव्हती.

तुमच्याकडची चाकं त्या देठातली आहेत. एकावर एक रचलेले असे कितीतरी मणके मिळून देठ होतो आणि एन्क्रिनसचा देठ मीटरभराच्याही वर जायचा. एक मणका भिंगाखाली धरा. लहानपणी टाकी लावलेलं जातं पाहिलं असेल तर ओळख पटायला वेळ लागणार नाही. मध्ये भोक, कडेला आरीसारखे उभे कंगोरे, दोन कंगोऱ्यांमध्ये खाच. फरक इतकाच की जात्याच्या दोन तळ्या एकमेकींवर फिरतात, इथे फिरू नये म्हणून ही रचना आहे. एका मणक्याचा कंगोरा शेजारच्याच्या खाचेत बसतो, त्यामुळे देठाला पीळ पडत नाही, पण थोडं वाकता येतं. मणके आपसात तंतूंनी बांधलेले असत.

भोक कोणी पाडलं नाही. ती देठाच्या आतून जाणारी नळी, चेतातंतू आणि शरीरगुहेचा फाटा तिच्यातून खाली उतरायचा. माणसाला मात्र भोक दिसलं की दोरा सुचतो. इंग्लंडच्या लिंडिसफार्न बेटावर याच्याहून जुन्या, कार्बनी काळातल्या क्रिनॉइडचे मणके ‘संत कथबर्टचे मणी’ म्हणून ओळखले जात. जर्मनीत थुरिंगियाकडे एन्क्रिनसच्या मणक्यांना ‘बोनिफाटियसचे पैसे’ म्हणत, संताच्या शापाने नाण्यांचे दगड झाले अशी कथा. आपण गंडकीतल्या अमोनाइटला, म्हणजे दगड झालेल्या शंखाला, शाळिग्राम म्हणून देव्हाऱ्यात बसवलं, त्यांनी क्रिनॉइडला पैसा केलं.

अकरांपैकी एखादा आधीच फुटका असेल तर त्याची फुटलेली बाजू उन्हात तिरकी धरा. (धड असलेला फोडू नका!) माझ्या हातून एकदा एक मणका शहाबादी फरशीवर पडला. खडा फुटतो तसा वेडावाकडा नाही फुटला, सपाट आरशासारखे पैलू दिसले, सगळे एकाच कोनात चमकणारे. कारण कंटकचर्मींच्या सांगाड्याचा प्रत्येक तुकडा म्हणजे कॅल्साइटचा एकच स्फटिक असतो. जिवंतपणी तो भरीव नसतो, जाळीदार असतो आणि जाळीत मांस असतं. प्राणी मेला, मांस गेलं, भूजलातलं कॅल्साइट त्याच जाळीत, त्याच स्फटिकाच्या दिशेने भरत गेलं. म्हणून जीवाश्म मणका जिवंत मणक्याहून जड आणि जास्त चकचकीत. ही खूण इतकी भरवशाची आहे की चुनखडीच्या तुटलेल्या कडेला असे लहानलहान आरसे दिसले, की मी आधी कंटकचर्मी समजते आणि मग बाकीचं बघते. (ती शहाबादी फरशीही चुनखडीच, पण प्राण्यांना असे सांगाडे फुटायच्या फार आधीची. तिच्यात क्रिनॉइड शोधत बसू नका.)

देठाच्या वरचा भाग तुमच्या डबीत नाही, पण नाव सगळं तिथेच अडकलंय, म्हणून सांगते. देठाच्या टोकाला एक उथळ वाटी, तिला आम्ही पेला म्हणतो. पेल्यात पट्ट्यांची कडी. सगळ्यात खालचं कडं पाच अगदी चिमुकल्या पट्ट्यांचं, देठाच्या सगळ्यात वरच्या मणक्याआड झाकलेलं. वाटी उपडी करून देठ बाजूला काढल्याशिवाय दिसतसुद्धा नाही. त्यावर पाच तळपट्ट्या, त्यावर पाच अरीय, म्हणजे चाकाच्या आऱ्यांच्या दिशेच्या, पट्ट्या. प्रत्येक अरीय पट्टीवर हाताच्या दोन पट्ट्या चढतात. त्यांतली दुसरी घराच्या आढ्यासारखी, दोन्हीकडे उतार असलेली. दोन उतारांवरून दोन हात. पाच दुणे दहा.

हात मुळाशी एकेरी पट्ट्यांचे असतात. वर जाता जाता पट्ट्या पाचरीसारख्या होतात, एक डावीकडून, एक उजवीकडून, आणि पुढे चक्क दुहेरी ओळ, पर्सच्या चेनचे दात एकमेकांत बसावेत तशी. का? प्रत्येक पट्टीला एक बारीक उपहात फुटतो. दुहेरी ओळीत तेवढ्याच लांबीत जास्त पट्ट्या बसतात, म्हणजे जास्त उपहात, म्हणजे दाट जाळं. पाण्याच्या प्रवाहातले कण त्या जाळ्यात अडकायचे, बारीक नळीपाद (नळीसारखे चिमुकले पाय) ते टिपून खोबणीत ढकलायचे आणि खोबणीतून ते थेट तोंडाशी यायचे. पाठलाग नाही, शिकार नाही, प्रवाह देईल ते.

धोका आला की दहाही हात मिटायचे. दुहेरी पट्ट्यांच्या सपाट पाठी शेजारीशेजारी इतक्या घट्ट बसतात की मधून सुईसुद्धा जाणार नाही. मिटलेला मुकुट हुबेहूब लिलीची कळी. १५४६ साली अॅग्रिकोला या जर्मन खनिजतज्ज्ञाने खनिजांवरच्या ग्रंथात एन्क्रिनस हे नाव वापरलं ते त्या कळीवरूनच, ‘क्रिनॉन’ म्हणजे ग्रीकमध्ये लिली. त्याच ग्रंथात सुट्या मणक्यांना त्याने ‘ट्रोकाइट’, चाकाचा दगड, म्हटलंय. लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८०१ मध्ये लिलिइफॉर्मिस जोडलं, म्हणजे ‘लिलीसारखा लिलीसारखा’, दोनदा तेच. आपल्याकडे ‘लेडीज बाई’ म्हणतात तसं.

जर्मनीतच इंगेलफिंगेनला मुशेलकाल्क नावाच्या खडकांचंच, ज्यातून तुमची चाकं आली त्यांचं, एक संग्रहालय आहे. तिथे मी पूर्ण एन्क्रिनस पहिल्यांदा पाहिला आणि पुस्तकातल्या चित्रांचा राग आला. चित्रात हात छान पसरलेले असतात, लादीवरचे मात्र बहुतेक मिटलेले. क्रिनॉइड मेला की तंतू कुजतात आणि थोड्या दिवसांत सगळं सुटं होतं, माळ तुटावी तसं. पूर्ण प्राणी सापडला म्हणजे जिवंतपणीच गाळाखाली गाडला गेला. वादळाने तळ ढवळला, चिखल आला, त्याने हात मिटले, आणि तसाच राहिला. पळणार कुठे? देठाचं बूड शिंपल्यांवर किंवा कठीण तळावर सिमेंटसारखं चिकटलेलं.

ज्या समुद्रात हे घडलं तो मध्य युरोपातला उथळ समुद्र. त्याच्या चुनखडीला जर्मन भाषेत मुशेलकाल्क म्हणतात, म्हणजे शिंपल्यांचा चुना. फॉन अल्बर्टी या जर्मन भूशास्त्रज्ञाने १८३४ मध्ये खाली बुंटझांडश्टाइन, मध्ये मुशेलकाल्क आणि वर कॉयपर अशी तीन थरांची जोडणी करून तिला ट्रायस नाव दिलं, त्यावरून ट्रायसिक काळ. तुमचे मणके वरच्या मुशेलकाल्कचे, सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीचे. तिथे काही थर असे आहेत की मणकेच मणके, अधेमधे थोडा चुना. त्यांना ट्रोकिटेनकाल्क असंच नाव आहे. शेतं नांगरली की मणके वर येतात, ते तुमच्या नातीला सापडले.

आता चिठ्ठी. जावयांचं नाव बरोबर असण्याची शक्यता भरपूर, पण लिहू नका. त्याच खडकात एन्क्रिनसचा एक चुलत भाऊ सापडतो, केलोक्रिनस. त्याचे हात आणखी एकदा फुटतात, दहाचे वीस होतात. मुकुट हातात असेल तर फरक शाळकरी मुलालाही कळेल. सुटे गोल मणके मात्र इतके सारखे की मी पैज लावणार नाही. होलोक्रिनस नावाचा तिसरा एक आहे, तो पाचकोनी मणक्यांवरून आणि देठाच्या बाजूला फुटणाऱ्या लवचीक धाग्यांच्या खुणांवरून वेगळा काढता येतो. तुमच्या फोटोतले अकराही गोल दिसतात, म्हणजे तो वजा.

तर लिहा : ‘क्रिनॉइडचे देठाचे मणके, एन्क्रिनिडी कुळ, वरचा मुशेलकाल्क, मध्य ट्रायसिक, क्राइल्सहाइम परिसर, जर्मनी.’ खाली नातीचं नाव आणि वेचल्याची तारीख. तारीख आणि जागा आत्ताच विचारून घ्या. दहा वर्षांनी तिलाही आठवणार नाही, आणि जागा नसलेला जीवाश्म हा आमच्या दृष्टीने निम्मा खडा.

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी. भूशास्त्र करतोय. ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकात एन्क्रिनस ‘इनअॅड्युनाटा’त आहे, इंटरनेटवर ‘आर्टिक्युलाटा’त. परीक्षेत काय लिहू? (नागपूर)

उत्तर : दोन्ही क्रिनॉइडच्या मोठ्या गटांची नावं. आर्टिक्युलाटा (आजचे सगळे क्रिनॉइड याच गटातले) लिही, गण एन्क्रिनिडा, कुळ एन्क्रिनिडी. पण का ते लिहिलंस तर मार्क मिळतील.

जुने लोक चुकले ते डोळे उघडे ठेवून चुकले. पेल्यात अरीय पट्ट्यांखाली दोन कडी आणि दुहेरी ओळीचे हात, हे पुराजीव महाकल्पाच्या (ट्रायसिकच्या आधीच्या मोठ्या कालखंडाच्या) शेवटच्या क्लॅडिड क्रिनॉइडमध्ये दिसतं, आणि क्लॅडिड इनअॅड्युनाटात धरले जात. म्हणून १९७८ च्या ‘ट्रीटिज’ या जीवाश्मांवरच्या संदर्भ ग्रंथमालेत एन्क्रिनिडी त्यांच्या पंगतीत बसले. नंतर लोकांनी पट्ट्यांच्या आत पाहिलं. हातांच्या आणि अरीय पट्ट्यांच्या आतून चेतानळी बंदिस्त जाते, सांध्यांवर स्नायूंचे खड्डे ठसठशीत आहेत, आणि प्रौढ पेल्यात गुदपट्टी (गुदद्वाराच्या बाजूची जादा पट्टी) नाही. हे आजच्या क्रिनॉइडच्या घराचं वळण. दुहेरी हात क्रिनॉइडच्या इतिहासात वेगवेगळ्या घराण्यांत पुन्हापुन्हा आलेत, त्यावरून नातं ठरवणं म्हणजे दोघांनी मिशा ठेवल्या म्हणून भाऊ ठरवणं. आणि आर्टिक्युलाटा मुळात क्लॅडिडांतूनच निघाले, मग आजोबांचं नाक नातवाला आलं तर नवल काय! २०११ च्या सुधारित खंडात एन्क्रिनिडा आर्टिक्युलाटात आहेत. इनअॅड्युनाटा हा गट आता नैसर्गिक म्हणून कोणी धरत नाही.

एक लक्षात घे. ट्रायसिकच्या लगेच आधीचा पर्मियन काळ संपताना, २५.२ कोटी वर्षांपूर्वी, क्रिनॉइड जवळजवळ संपले होते. एन्क्रिनिडी त्यानंतर पुन्हा पसरलेल्यांपैकी, आणि ट्रायसिक संपायच्या आत तेही गेले. वंश पुढे चालवला तो इतरांनी.

प्रश्न : जुन्नरजवळ विहिरीच्या दगडात हे चाकासारखं निघालंय, मधून आऱ्या फुटल्यात. सागरलिली आहे का? फोटो जोडलाय. (एक शेतकरी)

उत्तर : नाही. तुमच्याकडचा खडक बेसॉल्ट, लाव्हा थिजून झालेला, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. त्यात समुद्रातले प्राणी सापडत नाहीत. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कुठे तळ्याचा गाळ राहून गेला असेल तर गोड्या पाण्यातलं काही मिळतं, जसा मुंबईत वरळीला बेडूक मिळाला. ट्रायसिक काळातल्या समुद्राचे थर पाहायचे तर हिमाचलात स्पितीला जावं लागेल. गंमत म्हणजे तिथल्या थरांनाही गेल्या पिढ्यांतले भूशास्त्रज्ञ ‘मुशेलकाल्क’च म्हणत.

तुमच्या फोटोतल्या आऱ्या म्हणजे झिओलाइट या खनिजाच्या सुया वाटतात, बहुधा स्कोलेसाइट. लाव्हातल्या बुडबुड्याच्या पोकळीत एका बिंदूपासून वाढत गेलेल्या. भिंगातून बघा : मध्ये भोक नाही, आणि प्रत्येक सुई टोकाशी वेगळी संपते. हातोडी मारू नका, फार ठिसूळ असतं. कापसात गुंडाळून ठेवा.