दारिद्र्याचे व्रत की अपरिग्रहाचे?

खानापूरहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांची भाची सिस्टर (ख्रिस्ती संन्यासिनी) होते आहे आणि व्रतग्रहणाची पत्रिका मराठीत छापायची आहे. मसुद्यात ‘दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन’ अशी तीन व्रते लिहिली आहेत. पहिला शब्द घरातल्या थोरांना खटकला. लेकीच्या पत्रिकेवर दारिद्र्य कशाला, ‘अपरिग्रह’ लिहा, असा त्यांचा आग्रह आहे.

ताई, माझे मत दारिद्र्यालाच.

थोरांना शब्द खटकला हे मात्र स्वाभाविक आहे. मराठीत दारिद्र्य अठराविश्वे असते, ते कपाळी येते, घरात ठाण मांडून बसते. ते कुणी मागून घेत नाही. ‘अपरिग्रह’ त्या मानाने शुचिर्भूत वाटतो, आणि आपल्या भागात तो पुस्तकी शब्दही नाही. चिकोडी-निपाणीकडे जैनांच्या दशलक्षण पर्वात ‘उत्तम आकिंचन्य’, म्हणजे काहीच आपले न मानणे, या धर्मावर प्रवचने होतात. भोजचे जैन मुनी शांतिसागर महाराज त्याच वाटेने गेले. पण त्या शब्दाचा रोख वस्तूंवर आणि त्यांच्याविषयीच्या ममत्वावर आहे. ‘विरक्त’ म्हणावे, तर आपल्याकडे डोळ्यांपुढे लिंगायत मठच येतो.

ख्रिस्ती व्रताचा रोख एका व्यक्तीवर आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल ख्रिस्ताविषयी म्हणतो, तो ‘धनवान असता तुमच्याकरता दरिद्री झाला’ (8:9). मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, तिथे ‘दरिद्री’ आहे, आणि त्याच ओळीत पुढे ‘दारिद्र्य’ही आहे. सिस्टर व्रत घेते ते त्याच्या जोडीला जाऊन बसण्याचे. त्याला जे म्हटले तेच तिलाही म्हणावे. शब्द सौम्य केला की ती जोड तुटते, म्हणून मी इतका अडून बसलो आहे. कन्नड शास्त्रातही येशूच्या ‘जे आत्म्याने दीन ते धन्य’ या वचनात ‘दीन’च्या जागी ‘बडवरु’ आहे, रोजच्या बोलण्यातला गरिबांचाच शब्द.

यावरून ख्रिस्ती माणूस पैशाला विटाळ मानतो, असे कुणी समजू नये. ‘पैसा सर्व पापांचे मूळ’ हे वाक्य बायबलचे म्हणून सर्रास सांगतात. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात (6:10) शब्द आहेत ‘द्रव्याचा लोभ’, नुसते द्रव्य नव्हे. सुगीच्या सणाला देवळात (चर्चमध्ये) आणलेली रताळी, भाताची कणसे, कोंबडी यांचा लिलाव होतो, तेव्हा एका नारळाला बाजारभावाच्या कितीतरी पट बोली लागते आणि सगळे आनंदाने टाळ्या वाजवतात. घरसंसारातल्या ख्रिस्ती माणसासाठी पैशाची वाट ही, कमवावे आणि हात सैल ठेवावा. त्याच्या राहणीला साधेपणा म्हणा, दारिद्र्य म्हणू नका. आणि ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याला दारिद्र्याची थोरवी तर मुळीच सांगू नये. त्याची ती हलाखी आहे, व्रत नव्हे.

सगळे फादरही हे व्रत घेत नाहीत. धर्मप्रांताचे फादर ब्रह्मचर्य आणि बिशपांच्या आज्ञेला बांधलेले असतात, त्यांच्या नावे जमीन किंवा बँकखाते असू शकते. येशूसंघीयांचे (जेज्युइटांचे) तसे नाही. शाळेत शिकवणाऱ्या येशूसंघी फादरचा पगार संघाच्या खात्यात जातो, आणि चप्पल झिजली तरी नवीसाठी पैसे वरिष्ठांकडे मागावे लागतात. तुमच्या भाचीचेही असेच होणार. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक प्रॉटेस्टंट, त्यांना असे व्रत नव्हतेच. तरी 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला.

‘ऐच्छिक दारिद्र्य’ असेही सुचवले आहे. लेखात ठीक, पत्रिकेत नको. व्रत म्हटले की स्वेच्छा आलीच.

उलट पत्रिकेच्या तळाशी एक ओळ जरूर घाला, ‘कृपया आहेर आणू नये’. पाहुणे प्रेमाने साडी, पाकीट, सोन्याचा क्रूस घेऊन येतील. त्यातले काहीच तिला स्वतःचे म्हणून ठेवता येणार नाही, ते संस्थेत जमा होईल. हे आधीच सांगितले तर त्या दिवशी कुणाचे मन दुखावणार नाही.