हॉटेलात स्वयंपाकी होतो, वृद्धनिवासाच्या किचनमध्ये तो अनुभव चालेल का?

चालेल, पण स्वच्छतेची सवय आणि हाताचा वेग एवढंच सोबत येईल. बाकी बरंच नव्याने शिकावं लागेल. कारण तिथे चवीआधी गिळण्याचा प्रश्न असतो. पक्षाघात, पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंश झालेल्यांचा घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, म्हणून अन्नाचा मऊपणा ठरवून दिलेला असतो. त्यासाठी बऱ्याच देशांत आयडीडीएसआयच्या (गिळायला त्रास होणाऱ्यांच्या अन्न-पेयांसाठीचं आंतरराष्ट्रीय प्रमाण) ० ते ७ पातळ्या वापरतात. मोठ्या माणसांसाठी त्यातल्या नेहमी लागणाऱ्या तीन:

- ४: गुठळी नसलेला लगदा, चमचा तिरका केला की एकसंध खाली पडणारा
- ५: ओलसर, ४ मिलिमीटरपर्यंतचे कण
- ६: मऊ तुकडे, दीड सेंटिमीटरपेक्षा मोठे नाहीत

लगदा करताना नुसतं पाणी ओतू नका, पोषण पातळ होतं. दूध किंवा सूप घाला (अर्थात पथ्यात बसत असेल तर). ताटात काय उरलं हेही नर्सला सांगायचं, भूक मंदावल्याचं बहुधा वाढणाऱ्यालाच आधी कळतं. मात्र कुणाला कोणती पातळी द्यायची हे गिळण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ ठरवतात. आजींनी कितीही गळ घातली, तरी तो निर्णय स्वयंपाक्याचा नाही.