प्लेट लावली, पण पत्र्याने धरली का?

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. माझ्याकडे २००४ची बीएमडब्ल्यू एम३ (ई४६) आहे. मागची सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन आणि डिफरन्शियल धरणारी चौकट) जिथे बसते तिथला पत्रा फाटतो, म्हणून यंदा एका गॅरेजकडून खालून प्लेटा वेल्ड करून घेतल्या. आता क्लच सोडला की मागून ‘टक्’ असा आवाज येतो. गॅरेजवाले म्हणतात, वरून वेल्डचा अजून एक रन (थर) मारून देतो. मारू द्यावा का?

उत्तर : नको, अजिबात नको.

आवाज डिफरन्शियलच्या (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) बुशांचाही, म्हणजे रबरी आधारांचाही, असू शकतो, तेवढं आधी बघून घ्या. पण तुम्ही पाठवलेल्या फोटोंत मला बुशांपेक्षा वाईट दिसतंय. वेल्ड प्लेटेवर फुगून बसलंय, पत्र्यात मुरलेलंच नाही. मधेमधे ब्लो होल (वायूने पडलेली भोकं) आहेत, म्हणजे खालचं सीलर (सांधे बुजवणारा लेप) आणि जस्त खरवडायचा कंटाळा केलेला. प्लेट जाड, पत्रा जेमतेम मिलिमीटरभर. आर्क (वेल्डिंगची ज्योत) प्लेटेवर धरून कडेने पत्र्यात उतरवायचा असतो. हात नवखा असेल तर पत्रा जळतो, नाहीतर नुसता चिकटतो. वर काळं अंडरसील (गाडीच्या तळाचा गंजरोधक लेप) थापलं की सगळं झाकलं जातं. ताजं, जाड अंडरसील दिसलं की मला तरी संशयच येतो.

३४३ अश्वशक्तीच्या इंजिनाचा झटका सबफ्रेमच्या चार बोल्टांतून त्याच पत्र्यात जातो. वेग घेताना एकीकडे, सोडताना उलटा. अर्धवट धरलेली प्लेट हा ताण पसरवत नाही, तिच्या कडेलाच गोळा करते. नवी भेग तिथून सुरू होते, आणि जुनी प्लेटेखाली दिसेनाशी होते. त्यावर दुसरा रन मारणं म्हणजे पू न काढता जखम शिवणं.

काम पहिल्यापासून करावं लागेल. सबफ्रेम, एक्झॉस्ट, पेट्रोलची टाकी खाली, बॅटरी सुटी. (टाकी जागेवर ठेवून वेल्डिंग करणारा भेटला तर तिथून निघा.) प्लेटा ग्राइंडरने काढून पत्रा उघडा करायचा, डाय पेनेट्रंट (भेगेत शिरून ती दाखवणारा रंगीत द्रव) लावून भेगा शोधायच्या, प्रत्येक भेगेच्या टोकाला बारीक भोक पाडून मग ती भरायची. नवी प्लेट पत्र्याला घट्ट बसते का ते हाताने तपासा. फट उरली तर वेल्डर ती वितळलेल्या तारेने भरतो. आणि डिकीतून वरची बाजूही बघा, फक्त खालून प्लेटा लावून काम अर्धंच होतं. शेवटी सीलर, आणि पोकळीत मेण. ते राहिलं तर आतून गंज.

पैशांचं म्हणाल तर तिथल्या २०१५च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टनुसार काम वाजवी काळजीने आणि कौशल्याने व्हायला हवं. नसेल तर पुन्हा करून मागता येतं किंवा बिल कमी करून घेता येतं. मात्र कुणीही ग्राइंडर लावण्याआधी त्रयस्थ इंजिनिअरकडून लेखी रिपोर्ट आणि फोटो घ्या. वेल्ड घासून गेलं की दाखवायला काही उरत नाही.