एकाच वेगात धावणारी ऑटोमॅटिक गाडी मध्येच गिअर का बदलते?

प्रश्न : माझ्याकडे चार गिअरची जुनी ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी आहे. सपाट रस्त्यावर ताशी 75-80 च्या वेगात पाय स्थिर असला तरी आरपीएमचा काटा सारखा तीनशेने वर जातो आणि खाली येतो. गिअर पडतोय-चढतोय असं वाटतं. शहरात काही त्रास नाही. मिस्त्री गिअरबॉक्स उतरवू म्हणतो. उतरवू का?
(एक वाचक, जालना)

उत्तर : आत्ताच नको. तुम्ही दिलेला तीनशेचा आकडा फार उपयोगी आहे. या वेगात चौथ्यावरून तिसरा गिअर पडला तर काटा साधारण सात-आठशेने चढतो. दोन-चारशेचाच फरक असेल तर बहुतेक वेळा गिअर बदलत नसतो. इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच, म्हणजे स्थिर वेगात दोघांना थेट जोडणारा क्लच, सुटत आणि धरत असतो.

खात्री अशी करा. मागे गाडी नसताना 80 चा वेग धरा, ॲक्सिलरेटर न हलवता डाव्या पायाने ब्रेकला फक्त दिवा लागेल इतकाच स्पर्श करा. काट्यावर नजर शेजारी बसलेल्याची असू द्या. ब्रेकचा दिवा लागला की लॉक-अप सुटतो. तेव्हा बसणारा झटका नेहमीसारखाच असेल, तर दोष लॉक-अपच्या बाजूला आहे.

आता लॉक-अप का सुटतो ते पाहू. पहिला संशय ब्रेकच्या स्विचवर. तो सैल असला तर खड्ड्याच्या हादऱ्यानेही क्षणभर जुळतो. रात्री कुणाला तरी मागून येऊन ब्रेकचे दिवे लुकलुकतात का ते पाहायला सांगा.

दुसरा संशय थ्रॉटल पोझिशन सेन्सरवर, म्हणजे थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) किती उघडा आहे हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणाऱ्या भागावर. हायवेवर पाय तासन् तास एकाच जागी असतो, म्हणून केबलच्या थ्रॉटलमध्ये सेन्सरची पट्टी नेमकी तिथेच झिजते. इंजिन बंद, इग्निशन चालू ठेवून सिग्नलच्या तारेवर मल्टिमीटर लावा आणि थ्रॉटल अगदी हळू उघडा. व्होल्टेज सुमारे 0.5 पासून 4.5 पर्यंत सलग चढलं पाहिजे. सुरुवातीच्या भागात मध्येच खाली पडलं, तर सेन्सर बदला. काटा असलेला जुना मीटर इथे डिजिटलपेक्षा बरा, कारण क्षणभराची पडझड त्यावर दिसते.

तिसरं कारण बरेच जण तपासतच नाहीत, ते म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. त्यातला एसीचा डीसी करणारा डायोड गेला की बॅटरीत एसी करंट मिसळतो आणि कॉम्प्युटरला सेन्सरचे सिग्नल चुकीचे पोचतात. इंजिन 2000 आरपीएमवर, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर एसी व्होल्ट मोजा. 0.5 च्या वर असेल तर आधी अल्टरनेटर दुरुस्त करा. गिअरबॉक्स आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी त्याच वेळी घासून घट्ट करा.

झटक्याबरोबर स्पीडोमीटरचा काटाही उडत असेल तर मात्र स्पीड सेन्सर काढून टोकावरचा लोखंडी कीस पुसा. बिघाडाचे कोड वाचायला स्कॅनर लावलात तर तो गिअरबॉक्सचेही कोड वाचणारा हवा; नुसता पी0700 दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की खरा कोड गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. पी0740 ते पी0744 लॉक-अपचे.

कन्नडच्या औट्रम घाटात किंवा मांजरसुंब्याच्या चढाला, एसी चालू आणि गाडी भरलेली असताना गिअर खाली येणं साहजिक आहे. परीक्षा सपाट रस्त्यावरच घ्या.

प्रश्न : पुस्तकात गिअरबॉक्सचं तेल साडेसहा लिटर लिहिलंय, मिस्त्रीने साडेतीनच भरलं. कमी पडलं का?
(एक वाचक, लातूर)

उत्तर : बहुधा नाही. उरलेलं तेल टॉर्क कन्व्हर्टर आणि तेल गार करणाऱ्या कूलरमध्ये असतं, ते खालच्या नटातून निघत नाही. म्हणूनच थोडे दिवस गाडी चालवून पुन्हा एक-दोनदा बदलावं लागतं. तेल पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच घ्या. चुकीच्या तेलाने लॉक-अप थरथरतो. डिपस्टिक असेल तर गाडी चालवून तेल गरम झाल्यावर, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, लिव्हर सगळ्या जागी फिरवून शेवटी पी (पार्किंग) वर ठेवून माप पाहा. तेल काळं आणि करपल्या वासाचं असेल तर आतल्या क्लच प्लेट जळाल्या आहेत. तिथे नुसतं तेल बदलून भागत नाही. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरचं पाणी आत शिरलंय, गाडी एक किलोमीटरही चालवू नका.