मुलगा सज्ञान झाला की तो गुन्हेगार ठरतो का?

प्रश्न : मी पुण्याच्या बुधवार पेठेत धंदा करते. माझा मुलगा वसतिगृहात राहून बारावीत शिकतो आणि सुट्टीत माझ्याकडे येतो. तो लवकरच १८ वर्षांचा होईल. त्यानंतर आईच्या कमाईवर शिकणे हा गुन्हा ठरतो, असे शेजारणी म्हणतात. हे खरे आहे का? शिवाय घरमालक पत्त्याचा पुरावा देत नसल्याने माझे आधार कार्ड निघालेले नाही.

उत्तर : शेजारणींची भीती दुर्दैवाने निराधार नाही. अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६ नुसार सज्ञान स्त्रीने स्वेच्छेने हे काम करणे हा मुळात गुन्हा नाही. सप्टेंबर २०२० मध्ये तीन तरुणींची सुधारगृहातून सुटका करताना मुंबई उच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. गुन्हा ठरतो तो कुंटणखाना चालवणे, दलाली करणे, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणे आणि प्रार्थनास्थळ, शाळा किंवा रुग्णालयापासून २०० मीटरच्या आत धंदा करणे. (पेठेत पावलोपावली देऊळ असताना ही मर्यादा पाळायची कोठे, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.)

तुमच्या मुलाचा संबंध येतो तो कलम ४ शी. वेश्याव्यवसायाच्या कमाईवर जाणूनबुजून पूर्णतः किंवा अंशतः जगणाऱ्या १८ वर्षांवरील कोणालाही दोन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एवढेच नव्हे, तर अशा स्त्रीसोबत राहणारी व्यक्ती तिच्या कमाईवर जगते असे गृहीत धरले जाते आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवर येते. दलालांना वेसण घालण्यासाठी केलेल्या या कलमात शिकणाऱ्या मुलाला किंवा म्हाताऱ्या आईला सूट नाही, आणि या कायद्यातील सर्वांत मोठा अन्याय मी यालाच मानतो. मुलाच्या शिष्यवृत्तीची, स्वतःच्या कमाईची आणि वसतिगृहाची कागदपत्रे जपून ठेवा. पोलिसांकडून त्रास झाल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे (दूरध्वनी १५१००) जा. स्त्रियांना आणि कोठडीतील व्यक्तींना तेथे मोफत वकील मिळतो.

आधारचा मार्ग मात्र मोकळा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९ मे २०२२ च्या आदेशानुसार राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा राजपत्रित अधिकारी किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेचा प्रकल्प संचालक यांचे प्रमाणपत्र अर्जासोबत जोडल्यास कार्ड द्यावे लागते, आणि त्यावर तुमचा व्यवसाय उघड करणारी कोणतीही खूण किंवा संकेतांक असता कामा नये. तुमच्या गल्लीत तपासणीसाठी येणाऱ्या एड्स नियंत्रण प्रकल्पाच्या कार्यकर्त्यांकडे या प्रमाणपत्राची मागणी करा आणि नावनोंदणी केंद्रावर जाताना आदेशाची प्रत सोबत ठेवा.