‘पारंपरिक’ ही बाई कोण?

प्रिय मनू,

परवा गाडीत तू विचारलंस, "आई, ही पारंपरिक कोण गं? तिची किती गाणी आहेत!" फोनवर अखाजीचं, म्हणजे अक्षय तृतीयेचं, गाणं लागलं होतं आणि गीतकाराच्या जागी तेवढा एकच शब्द होता. मी हसत सुटले, तेवढ्यात सिग्नल सुटला आणि उत्तर राहूनच गेलं. आता तू झोपलीयेस म्हणून लिहून ठेवते. मराठी शब्द अडला तर बाबांना विचार. अहिराणी, म्हणजे आपली खान्देशची बोली, मात्र मलाच विचार, बाबा पुण्याचे.

मागच्या वर्षी अमळनेरला दादाच्या लग्नात तू ‘हाई झुमका वाली पोर’वर चपलेचा अंगठा तुटेपर्यंत नाचलीस. ते गाणं सचिन कुमावत यांच्या यूट्यूब चॅनलवरचं. असल्या व्हिडिओखाली लिहिलं कोणी, गायलं कोणी, सगळी नावं असतात. अहिराणी गाण्याला असं नाव लागायला लागलं ते अगदी अलीकडे.

पोळ्या करताना मी ‘अरे संसार संसार’ गुणगुणते ना, ते बहिणाबाई चौधरींचं. जळगावजवळच्या असोद्याची ही लेक, जन्म 1880 चा. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर हात चालू असताना ओव्या सुचायच्या आणि मुलगा सोपानदेव त्या उतरवून घ्यायचा. तो स्वतः कवी. 1951 मध्ये आई गेली, त्यानंतर त्याने ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली आणि 1952 मध्ये पुस्तक निघालं. पुढे 1961 च्या ‘मानिनी’ चित्रपटात ते गाणं आलं. चाल वसंत पवारांची, आवाज सुमन कल्याणपूर यांचा. म्हणजे मी गुणगुणते ती चाल बहिणाबाईंची नव्हेच. (आणि त्यांच्या बोलीला अहिराणी म्हणू नकोस, ती लेवा बोली. जळगावात चुकलीस तर तासभर ऐकून घ्यावं लागेल.)

घरात लिहिणारा मुलगा नसता तर? चार बायांनी त्या ओव्या म्हटल्या असत्या, आणि खाली आला असता तोच शब्द.

आता तुझं ते गाणं, ‘आथानी कैरी, तथानी कैरी’. इकडची कैरी, तिकडची कैरी. हे अखाजीचं गाणं. तेव्हा सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, गौराई बसते, सांजोऱ्या तळतात आणि कडुनिंबाला झोके बांधतात. झोक्यावर दोघी उभ्या, एक दोर धरून जोर काढणार, दुसरी गाणं सुरू करणार. गाण्यात भावाचं नाव आपल्या भावाचं घालायचं, गाव आपलं घालायचं. दम सरला की दुसरी पुढची ओळ जोडते. आठवली नाही तर बनवते.

एका अखाजीला मोठ्या मायला, म्हणजे माझ्या आईला, न्यायला मामा आलाच नाही. ती चार दिवस फाट्यावर जाऊन येष्टीची वाट बघत बसली होती. पुढच्या वर्षी माहेरी आली आणि झोक्यावर उभं राहून तिने म्हटलं,

गाडी उनी, भाऊ उना नही वं.

गाडी आली, भाऊ नाही आला. झोक्याखालच्या बाया आधी हसल्या, मग गप्प झाल्या, मग त्यांनी तीच ओळ उचलली. मामा तिथेच उभा होता म्हणे, तोंड लपवून. 

मी कॉलेजात असताना पारोळ्याकडच्या एका लग्नात हळदीला बसले होते. एक अनोळखी म्हातारी गात होती, तिच्या तोंडी हीच ओळ. मी विचारलं, "आजी, हे कोणाचं?" ती म्हणाली, "कोनं म्हंजे? आमना गावनं शे." आमच्या गावचं आहे! घरी येऊन मायला सांगितलं तर तिने नुसतं "हां का?" म्हटलं आणि भाकरी उलटवली.

तेव्हा त्या पारंपरिकबाईंपैकी एकीचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. शनिवारी तू स्वतः लाव आणि पुढची ओळ काय होती ते विचार, मला ती कधी सांगत नाही. जेवणाआधी लाव पण. जेवली की ती आडवी होते.

तुझी,
आई