पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतल्या एका मॉड्यूलच्या चाचण्या 'टेस्ट::वॉर्निंग्ज' ही अनपेक्षित वॉर्निंग पकडणारी लायब्ररी वापरतात. डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी त्या मॉड्यूलचं पॅकेज करताना ही लायब्ररी डिपेंड्समध्ये (पॅकेज वापरताना लागणाऱ्या गोष्टींच्या यादीत) टाकायची की बिल्ड-डिपेंड्समध्ये (ते बांधताना लागणाऱ्यांच्या यादीत)?

डिपेंड्समध्ये नको. मॉड्यूल शुद्ध पर्लचं असेल, म्हणजे आर्किटेक्चर 'ऑल' (एकच पॅकेज सगळ्या प्रकारच्या प्रोसेसरवर चालणारं), तर 'बिल्ड-डिपेंड्स-इंडेप' या अशा पॅकेजसाठीच्या यादीत 'लिबटेस्ट-वॉर्निंग्ज-पर्ल' लिहा आणि पुढे 'नोचेक'ची खूण द्या, म्हणजे चाचण्या वगळून बांधताना ती मागितली जात नाही. सी कोड असेल तर साध्या 'बिल्ड-डिपेंड्स'मध्ये. कारण ही लायब्ररी फक्त चाचण्या चालताना लागते. चाचण्या संपल्याचं सांगणाऱ्या 'डन_टेस्टिंग'च्या वेळी ती स्वतःची एक जादा चाचणी जोडते आणि अनपेक्षित वॉर्निंग आली असेल तर तीच नापास होते. तुमचं मॉड्यूल नुसतं वापरणाऱ्याच्या मशीनवर ती उतरवायचं काहीच कारण नाही. खात्री हवी तर मूळ लेखकाची 'मेटा.जेसन' ही मॉड्यूलची माहिती देणारी फाइल उघडा: लायब्ररीचं नाव 'टेस्ट' टप्प्याखाली आहे की 'रनटाइम'खाली, ते तिथे स्पष्ट दिसतं.

आधी एवढं मात्र तपासा. काही लेखक 'ऑथर_टेस्टिंग' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावलेलं असेल तरच ही लायब्ररी लोड करतात. तसं असेल तर पॅकेज बांधताना तिची गरजच पडत नाही, आणि ही पद्धत मला मनापासून पटते. ती बिनशर्त लोड होत असेल, तर पर्लच्या नव्या आवृत्तीने किंवा एखाद्या अवलंबित मॉड्यूलने नवी डेप्रिकेशन वॉर्निंग (एखादी सोय पुढे बंद होणार असल्याची सूचना) दिली की कोड नीट चालत असूनही बिल्ड मोडतो. अशा वेळी चाचणी गुपचूप वगळू नका. वॉर्निंगचा पूर्ण मजकूर जोडून मूळ लेखकाला बग कळवा आणि तोवर पॅकेजमध्ये दुरुस्तीचा पॅच ठेवा.

अपवाद एकच: चाचण्यांसाठी मदत करणारं मॉड्यूल तुम्ही स्वतःच देत असाल आणि 'लिब' फोल्डरमधला, म्हणजे मॉड्यूलचा मुख्य कोड ही लायब्ररी लोड करत असेल, तर ती डिपेंड्समध्येच हवी.